त्रेचाळीस तित्तर

२८ सप्टेंबर २००८, रविवार. बेरीज त्रेचाळीस. हजर तिघं: पेख्टर, मी आणि माझे वडील. जागा पेख्टरचं स्वयंपाकघर, वेळ सकाळी साडेअकरा.

त्रेचाळीस हे तित्तर. इकडचा तित्तर आपल्या माळरानावरच्या तित्तराचाच भाऊबंद, अंगाने राखाडी, पोटावर घोड्याच्या नालासारखा तपकिरी डाग. जर्मनीत वाटेल त्याने वाटेल तिथे शिकार करायची सोय नाही. गावच्या सगळ्या शेतजमिनीवरचा शिकारीचा हक्क वर्षानुवर्षांच्या कराराने एखादाच माणूस घेतो. त्याला पेख्टर म्हणतात आणि त्या सगळ्या रानाला रेव्हियर. आमचा पेख्टर म्हणजे शेजारचाच म्हातारा, दुधाच्या डेअरीतून निवृत्त झालेला. रेगेन्सबर्गपासून बावीस किलोमीटरवर, डॅन्यूबच्या दक्षिणेकडच्या सपाटीवर आमचं गाव. गहू, बीट आणि अलीकडे जिकडे तिकडे मका.

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. माझं काम मोजमापाचं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. एकच खोकं दोन पाळ्यांच्या याद्यांत चढलेलं असलं तर ते पकडायचं, यासाठी मला पगार मिळत होता. हे आधीच सांगून ठेवतो.

पेख्टर आपल्या रानातले पक्षी एका जुन्या वहीत लिहायचा. पान कधी उलटं, कधी दुधाच्या हिशोबावरच. २००४ साली कुंपणावरून त्याने ती वही मला दाखवली आणि मी म्हटलं, हे मी नीट मांडून देतो. तेव्हापासून ती वही आणि रानाचा तक्ता माझ्याकडेच. कुठल्या तुकड्यात कुठलं पीक, किती उंच, काढणी कधी, नांगरट कधी, पडीक पट्टे किती रुंद, जून महिन्यात किती दिवस पाऊस. जूनचा पाऊस महत्त्वाचा, कारण पिल्लं तेव्हा अंड्यातून निघतात आणि गारठ्याने मरतात. चार वर्षांत माझ्या तक्त्याला बावीस रकाने झाले. पेख्टर माझी ओळख करून देताना म्हणायचा, "हा माझा भारतीय. याला विचारा. याला तित्तरांच्या आज्ज्यासुद्धा माहीत आहेत."

त्याचा एक नियम होता. सप्टेंबरच्या मोजणीत चाळीस किंवा जास्त पक्षी दिसले तरच ऑक्टोबरमध्ये एक दिवस तित्तरांची शिकार. एकोणचाळीस असतील तर नाही. नियम त्याचा स्वतःचा, कायद्यातला नव्हे. २००५, २००६, २००७ अशी सलग तीन वर्षं चाळीस भरले नाहीत आणि बंदुका कपाटातच राहिल्या. मला तो माणूस या नियमामुळेच आवडत होता.

२००८च्या ऑगस्टमध्ये बाबा आले. आईला इतका लांबचा प्रवास झेपत नव्हता, म्हणून ती धाकट्या भावाकडे राहिली. व्हिसा नव्वद दिवसांचा, परतीचं तिकीट नऊ नोव्हेंबरचं. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याच्या कामावर नगर-सोलापूरकडच्या माळांवर त्यांची वर्षं गेली. तिथे साहेबाची बाराबोर बंदूक आणि उधार काडतुसं घेऊन ते तित्तर आणि लावे मारत. मग कायदा आला, शिकार बंद झाली आणि त्यांनी ती बंद केली. उरल्या त्या गोष्टी. त्या आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकल्या होत्या की तिसऱ्या वाक्याला आम्ही एकमेकांकडे बघायचो.

येण्याआधी त्यांनी फोनवर विचारलं होतं, "तिकडे तित्तर असतात म्हणे. हाका कसा करतात ते बघायला मिळेल का?"

मी म्हटलं, "बघू. आकड्यावर आहे."

"कसला आकडा?"

"आल्यावर सांगतो."

माझ्याकडे त्यांनी आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. हे मागितलं होतं. त्यांचं वय त्र्याहत्तर, डावा गुडघा सुजलेला. पुन्हा ते येणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मोजणी मी शनिवार-रविवारीच करू शकत होतो. १४ सप्टेंबरच्या पहाटे मी, बाबा आणि पेख्टर आपल्या तपकिरी कुत्रीसह रेल्वेच्या भरावाखालच्या रानात गेलो. गहू काढलेला, धसकटं अजून उभी. कुत्री थबकली, एक पाय वर, शेपटी ताठ. थवा उठला. मी मोजले: तेरा. लिहून घेतले.

बाबा म्हणाले, "उजवीकडची मादी बघितलीस? पंखात पांढरी पिसं आहेत."

मी म्हटलं, "हं." मी घड्याळ बघत होतो. वेळेचा रकाना भरायचा होता.

२१ तारखेला आम्ही चढावरच्या मोहरीत गेलो. इथे गहू निघाला की लगेच मोहरी पेरतात, खायला नव्हे, थंडीत जमिनीत गाडायला. गुडघ्याएवढी झाली होती. तिथे बारा उठले. भरावाखालच्या रानापासून हा तुकडा सातशे मीटरवर. मी लिहिले: बारा.

बाबा तिथेच उभे राहिले. काठीने मोहरी बाजूला करून खाली बघत होते. जमिनीवर विष्ठेचं एक गोल वेटोळं होतं. "रात्री असे गोल बसतात, तोंडं बाहेर. लावेही असेच बसतात," ते म्हणाले. मग कुत्रीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "हा तोच थवा आहे रे. भरावाखालचा."

"कशावरून?"

"ती पांढऱ्या पंखाची आहे यात. आणि खालचं रान नांगरलं ना मंगळवारी? कुठे जाणार बिचारे? आडोसा इथेच आहे."

"तेरा होते, बाबा. हे बारा आहेत."

"एक कोल्ह्याने नेला असेल. ससाण्याने नेला असेल."

"असेल, नसेल. तुमच्या माळावरच्या गोष्टी वेगळ्या. इथे आकडे लागतात."

त्यांनी काठीने मोहरी पुन्हा जागेवर सारली. मग म्हणाले, "बरं."

पेख्टरला मराठी येत नव्हतं. त्याने विचारलं, "पापा काय म्हणतात?" तो बाबांना पापाच म्हणायचा.

मी म्हटलं, "म्हणतात, कुत्री छान आहे."

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. पेख्टर खूश झाला आणि त्याने बाबांच्या खांद्यावर थाप मारली.

खालचं रान मंगळवारी नांगरलं गेलं हे मला माहीत होतं. ते माझ्याच तक्त्यात होतं, सोळाव्या रकान्यात. दोन थवे खरंच दोन आहेत का हे बघायची रीतही मला माहीत होती: एकाच पहाटे, एकाच वेळी, दोन ठिकाणी दोन माणसं. भरावाखाली मी, मोहरीच्या बांधावर बाबा, हातात मोबाईल. वीस मिनिटांचं काम. कारखान्यात खोक्यांची शंका आली असती तर मी ते न करता घरी गेलोच नसतो.

ते मी केलं नाही. पुढच्या शनिवारी पाऊस होता असं मी स्वतःला सांगितलं. पाऊस सकाळी सातला थांबला होता. तेही तक्त्यात आहे.

शनिवारी रात्री स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "अहो, बाबा म्हणतात ते एकदा बघून तरी या. त्यांना वाईट वाटलंय."

"त्यांच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"त्यांना विचारलंय का तसं?"

मी तक्ता पुढ्यात ओढला. उत्तर होतं आणि ते मला नको होतं. भरावाखालचे तेरा, मोहरीतले बारा, ओढ्याकाठचे अकरा, चर्चमागचे सात. बेरीज त्रेचाळीस. बारा काढले तर एकतीस. एकतीस म्हणजे शिकार नाही. शिकार नाही म्हणजे बाबा नऊ नोव्हेंबरला हाका न बघता परत.

तर २८ तारखेला, पेख्टरच्या स्वयंपाकघरात, मी तक्ता टेबलावर ठेवला. पेख्टरने चष्मा चढवला, बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाला, "त्रेचाळीस. बघ तरी! शेजारी, तुझी खात्री आहे?"

बाबा माझ्या शेजारी बसले होते. "खात्री" हा शब्द त्यांना जर्मनमध्ये कळला नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कॉफीच्या कपाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हो. खात्री आहे."

मग मी दिवस ठरवायला बसलो आणि ते काम मी आयुष्यात केलं असेल तितकं नीट केलं. आमच्या राज्यात, बव्हेरियात, तित्तर ऑक्टोबरअखेरपर्यंतच मारता येतात. बिटाची काढणी दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यावर येणार होती. त्याआधी गेलो तर पक्षी बिटाच्या दाट पानांत पळून जातात, उठतच नाहीत. पूर्ण काढणीनंतर गेलो तर आडोसाच उरत नाही, लांबूनच उडतात. म्हणजे १८ ऑक्टोबरचा शनिवार. दव दहापर्यंत वाळतं, त्याआधी कुत्रीला वास नीट येत नाही. वारा वायव्येचा असला तर खालून चढाकडे चालायचं, दक्षिणेचा असला तर उलट. बंदुका चार, हाकारे पाच, मोहरीच्या वरच्या बांधावर दोन बंदुका आधीच उभ्या. त्रेचाळीसचा चौथा भाग दहा, म्हणून दहापेक्षा जास्त मारायचे नाहीत. मी नकाशे काढले, प्रत्येकाला एक. बाबांना परवाना नसल्यामुळे बंदूक नाही. ते हाकारे. त्यांच्यासाठी नारिंगी बंडी आणली. ती त्यांनी आदल्या रात्रीच घालून बघितली आणि माझ्या मुलीला विचारलं, "कसा दिसतो?"

ती बारा वर्षांची. तिला मराठी कळतं, बोलते जर्मन. म्हणाली, "वी आइन म्युलमान, आजोबा." कचरेवाल्यासारखे.

बाबा मनापासून हसले. त्या महिन्यात तेवढंच.

१८ तारखेला सगळं माझ्या कागदाप्रमाणे झालं. वारा वायव्येचा, हलका. दव पावणेदहाला वाळलं. ओढ्याकाठच्या थव्यातले दोन पडले आणि आम्ही मोहरीकडे वळलो. बाबा माझ्या डावीकडे वीस पावलांवर काठी आपटत, लंगडत चालत होते आणि तोंडाने एक आवाज काढत होते, "हुर्र, हुर्र," मी लहानपणी ऐकलेला. बाजूचा बव्हेरियन हाकाऱ्या त्यांची नक्कल करू लागला. थोड्या वेळाने पाचही हाकारे तोच आवाज काढत होते. बाबांचा चेहरा मला दिसत होता. पंचवीस वर्षांनी तरुण नव्हे, पण काहीतरी परत मिळाल्यासारखा.

थवा बांधाजवळ उठला, थेट बंदुकांवर. नेम चांगले होते. पाच पडले. उरलेले पुन्हा मोहरीत उतरले, कुत्रीने पुन्हा उठवले, आणखी दोन पडले. एका उतारावर सात.

पेख्टरने घड्याळ बघितलं. "नऊ पक्षी झाले. आता भरावाखालचे तेरा, तिथला एक घेऊ आणि पुरे."

भरावाखाली आम्ही चाळीस मिनिटं चाललो. नांगरलेली ढेकळं, कडेला बिटाचा एक पट्टा, भरावावरची झुडपं. कुत्री नाक खाली घालून दोनदा सगळं फिरली आणि परत येऊन पेख्टरच्या पायाशी बसली. पेख्टरने माझा नकाशा खिशातून काढला, उलगडला, रानाकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. मग पुन्हा घडी घातली, चार घड्या, आणि खिशात ठेवला. 

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.  बोलले असते तर बरं झालं असतं.

शिकार संपली की मारलेले पक्षी हिरव्या फांद्यांवर ओळीत मांडतात. एक जण शिंग वाजवतो, सगळे टोप्या काढतात. त्या ओळीवरून कुणी पाय टाकून जायचं नाही, तो मेलेल्या प्राण्याचा मान. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते ओळीला वळसा घालूनच पलीकडे गेले. गुडघा धरून खाली वाकले. चौथ्या पक्ष्याचा पंख दोन बोटांनी उघडला. आत तीन पांढरी पिसं होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पंख तसाच धरून, मी बघेपर्यंत. मग मिटला.

पेख्टरने रिवाजाप्रमाणे पाहुण्याला एक पक्षी दिला. बाबांनी घेतला. घरी गॅरेजमध्ये बसून पिसं काढली, बायकोकडून मिरं आणि लसूण घेतला आणि स्वतः शिजवला. मुलगी म्हणाली, "इश एस्से डास निष्ट," मी खाणार नाही. मीही खाल्ला नाही. बाबा एकटेच जेवले, बायको त्यांच्यासमोर बसून राहिली.

"कसा झालाय, बाबा?" तिने विचारलं.

"कोरडा झालाय," ते म्हणाले आणि संपवला.

नऊ नोव्हेंबरपर्यंत तीन आठवडे होते. मी रोज ठरवायचो की आज बोलू. ते रोज बातम्या लावायचे, औषध घ्यायचे, नातीला पत्ते शिकवायचे. म्युनिकच्या विमानतळावर सामानाचं वजन तेवीस किलो चारशे ग्रॅम भरलं आणि मी म्हटलं, "चारशे ग्रॅमचं काही म्हणत नाहीत." ते म्हणाले, "तुला माहीत असेल." यात टोमणा होता की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मार्चमध्ये तित्तरांचे नर संध्याकाळी ओरडतात, करवतीसारखा आवाज. ती वसंतातली मोजणी. २००९च्या मार्चमध्ये मी पाच संध्याकाळी गेलो. या वेळी रीतसर: मोहरीच्या बांधावर पेख्टर, भरावाखाली मी, एकाच वेळी, हातात मोबाईल. ओढ्याकाठी एक नर. चर्चमागे एक. भरावाखाली शून्य. चढावर शून्य. मोहरीतले पाच शिकारीतून वाचले होते. हिवाळ्यात काय झालं कुणास ठाऊक. बारांचा थवा असता तर थंडीत एकमेकांना चिकटून काही तगले असते, असं पेख्टर म्हणाला. पाचांचं वेटोळं लहान होतं.

मग तो म्हणाला, "शेजारी, वही परत दे. यापुढे मी माझं मीच लिहीन." आवाजात राग नव्हता. मी वही दिली. बावीस रकान्यांबद्दल त्याने विचारलं नाही. त्यानंतर कुंपणावरून आम्ही हवेबद्दल बोलायचो, बर्फाबद्दल, कचऱ्याच्या डब्यांच्या दिवसांबद्दल. "माझा भारतीय" हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

त्या रविवारी बाबांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं आणि मी म्हटलं, "बाबा, मोजणी झाली."

"किती?"

"चढावर शून्य."

"बरं."

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात तेच होतं. तो एकच थवा होता. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी मागचा टीव्ही बंद केला. 

"कळलं होतं?" ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, तुला माझं पटलं नाही." आणि मग म्हणाले, "पटलं नसतं तर चाललं असतं रे." आणि फोन आईकडे दिला.

चढावरच्या तुकड्याचा शेतकरी तिथे त्या वर्षी मका लावणार होता, बायोगॅससाठी. मोहरी नाही, पडीक पट्टा नाही, बांधापर्यंत मका. मी त्याच्या अंगणात गेलो आणि विचारलं की वरच्या बांधालगतची वीस मीटर रुंदीची पट्टी, म्हणजे साधारण अर्धा हेक्टर, न पेरता सोडायला काय घेशील. त्याने ट्रॅक्टरच्या बोनेटवर पेन्सिलीने गणित केलं. मीही माझ्या मनात केलं. त्याचं वीस युरोंनी जास्त आलं. मी घासाघीस केली नाही.

"कशासाठी पाहिजे?" त्याने विचारलं.

"तित्तरांसाठी."

"तिथे तित्तर नाहीत."

"माहीत आहे."

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "पैसे दिलेत म्हणून येतील, असं मी लिहून देणार नाही हं."

"नको देऊस."

१८ एप्रिल २००९ रोजी त्या शेतकऱ्याला पाचशे चाळीस युरो रोख दिले. त्याने पावती लिहिली आणि कशाबद्दल या ओळीवर लिहिलं: काही न पेरल्याबद्दल.